एका मताची किंमत: झुरिक ते बेळगाव

१६ ऑगस्ट २०२२ ची सकाळ. रात्रभर पाऊस लागून राहिला होता आणि टिळकवाडीतल्या लेले मैदानावर गोलपोस्टसमोर घोट्याएवढं पाणी साचलं होतं. तरी दहा-बारा पोरं बूट बांधून उभी होती. खानापूरकडून येणाऱ्या एका मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, फिफानं भारताला बंदी घातलीय म्हणे. मग आमी आता खेळायचं नाही काय?" फिफा म्हणजे जगभरचा फुटबॉल चालवणारी संघटना. मी म्हटलं, तू खेळ, तुझ्या सरावाला कुणी अडवत नाही. पण ते उत्तर अर्धंच होतं हे मलाही कळत होतं. दोन महिन्यांनी भारतात मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक व्हायचा होता आणि तोच टांगणीला लागला होता. गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता. त्या मुलींना एकही सामना न खेळता परतावं लागलं. ना त्यांनी कुणाला मत दिलं होतं, ना त्यांना मत होतं.

त्या मुलीला पुरं उत्तर द्यायचं तर गोष्ट बरीच मागून सांगावी लागते.

फिफाची स्थापना १९०४ साली पॅरिसमध्ये सात देशांच्या संघटनांनी केली. आज तिच्या २११ सदस्य संघटना आहेत आणि अध्यक्ष निवडताना प्रत्येकीला एकच मत असतं. कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट बेटावर जेमतेम पाच हजार माणसं राहतात. त्यांचंही एक मत आणि भारताचंही एकच. एकट्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांवर होती. आपल्या भागातल्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. सहकारी संघाच्या निवडणुकीत गावच्या सोसायटीचा ठराव ज्याच्या नावावर, त्याच्या हातात मत. सोसायटी दोन हजार सभासदांची असो की दोनशेंची, ठराव एकच. त्यामुळे मतदानाआधी सगळ्यांचं लक्ष सभासदांकडे नसतं, ठरावधारकांकडे असतं. त्यांना सहलीला कोण नेतं, कुठल्या हॉटेलात उतरवतं, हे चावडीवरच्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असतं. झुरिकचा, म्हणजे फिफाच्या मुख्यालयाचा, कारभार याच चालीने चालत आला, फक्त रकमा डॉलरात.

एक देश एक मत ही पद्धत मुळात वाईट नव्हती, हे आधी मान्य केलं पाहिजे. १९६० च्या दशकात फिफा युरोपच्या मुठीत होती. १९६६ च्या विश्वचषकात आफ्रिकेला हक्काची एक जागासुद्धा नव्हती, म्हणून आफ्रिकी देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेबद्दल तेव्हाचे इंग्रज अध्यक्ष स्टॅनली राउस मवाळ होते. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांकडे दाद मागायला एकच हत्यार होतं, ते म्हणजे मत. ब्राझीलच्या जोआओ हॅवलांज यांनी हे ओळखलं. आफ्रिका आणि आशिया पालथे घालून त्यांनी जास्त जागांचं आणि मदतीचं वचन दिलं आणि १९७४ मध्ये फ्रँकफर्टला राउस यांना हरवलं. वचन त्यांनी पाळलंही. १९८२ चा विश्वचषक १६ ऐवजी २४ संघांचा झाला.

पण वचन पाळायला पैसा लागतो. तो शीतपेयांच्या आणि बुटांच्या कंपन्यांकडून, पुढे दूरचित्रवाणीच्या हक्कांतून आला. आदिदासचे होर्स्ट डासलर यांनी या हक्कांचा व्यापार करायला १९८२ मध्ये आयएसएल नावाची कंपनी उभी केली. (आपली इंडियन सुपर लीग ती ही नव्हे.) ती २००१ मध्ये बुडाली आणि तिच्या चोपड्या उघड्या पडल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्विस कागदपत्रांनुसार हॅवलांज यांना १९९७ मध्ये १५ लाख स्विस फ्रँक मिळाले होते, तर ब्राझील संघटनेचे प्रमुख रिकार्दो तेशेरा यांना १९९२ ते १९९७ या काळात १ कोटी २७ लाखांवर. ही हक्क देण्याच्या बदल्यात दिलेली दलाली होती. त्या काळात खासगी व्यवहारातली अशी लाच स्वित्झर्लंडच्या कायद्यात गुन्हाच नव्हती. हे वाचल्यावर फिफाचं बिऱ्हाड त्या देशात इतकी वर्षं का टिकलं, याचं आश्चर्य वाटत नाही.

हॅवलांज यांच्यानंतर १९९८ मध्ये त्यांचेच सरचिटणीस सेप ब्लाटर १११ विरुद्ध ८० मतांनी अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात विकासनिधी हा कारभाराचा कणा झाला. गरीब देशाला मैदान, कार्यालय, प्रशिक्षण केंद्र. हे सगळं हवंच होतं. मात्र पैसे वाटणारा आणि मत मागणारा एकच असेल, तर घेणाऱ्याने हिशेब मागायचा कुणाकडे?

१० मे २०११. त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. ब्लाटर यांच्याविरुद्ध उभे राहिलेले आशियाई फुटबॉलचे अध्यक्ष, कतारचे मोहम्मद बिन हम्माम, प्रचारासाठी तिथे आले होते. बैठक जॅक वॉर्नर यांनी बोलावलेली. वॉर्नर म्हणजे उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभागाचे सर्वेसर्वा आणि फिफाचे उपाध्यक्ष. त्या दिवशी दुपारी हॉटेलच्या एका खोलीत एकेका संघटनेचा प्रतिनिधी बोलावला जात होता. बहामाचे फ्रेड लन आत गेले आणि त्यांच्या हातात पाकीट पडलं. उघडून बघतात तर शंभर-शंभर डॉलरच्या नोटा, एकूण ४० हजार डॉलर. लन यांनी त्या नोटांचा फोटो काढला, आपल्या अध्यक्षांना कळवलं आणि पाकीट परत केलं. त्या एका फोटोने जे केलं, ते कितीतरी समित्यांना जमलं नव्हतं. वॉर्नर यांनी राजीनामा दिला. बिन हम्माम यांच्यावरची तहहयात बंदी क्रीडा लवादाने पुराव्याअभावी रद्द केली, पण पुढे आशियाई संघटनेच्या हिशेबावरून फिफाने त्यांना पुन्हा कायमचं बाहेर काढलं. आणि ब्लाटर? समोर उमेदवारच उरला नाही. २०३ पैकी १८६ मतं घेऊन ते पुन्हा निवडून आले.

त्याच्या सहा महिने आधी, २ डिसेंबर २०१० ला, २०१८ आणि २०२२ चे विश्वचषक रशिया आणि कतारला दिले गेले होते. निर्णय २४ जणांच्या कार्यकारिणीचा. मत विकायची तयारी दाखवल्याच्या आरोपावरून त्यातले दोघे आधीच निलंबित झाले होते, म्हणून मतदान २२ जणांनी केलं. या प्रकरणाची चौकशी अमेरिकेचे माजी सरकारी वकील मायकल गार्सिया यांच्याकडे दिली. त्यांनी २०१४ मध्ये ४०० हून अधिक पानांचा अहवाल दिला. फिफाने लोकांपुढे ४२ पानांचा सारांश ठेवला. गार्सिया म्हणाले, यात माझे निष्कर्षच नीट आलेले नाहीत, आणि त्यांनी पद सोडलं. मूळ अहवाल बाहेर यायला जून २०१७ उजाडलं. कतारने आरोप कायम फेटाळले आहेत.

दणका बसला तो बाहेरून. उत्तर अमेरिकेच्या फुटबॉलमधले बडे अधिकारी चक ब्लेझर यांनी वर्षानुवर्षं कर चुकवला होता. अमेरिकी तपास यंत्रणांनी त्यांना कोंडीत पकडलं आणि ते माफीचे साक्षीदार झाले. छुप्या ध्वनिमुद्रण यंत्राने त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांची बोलणी टिपली. २७ मे २०१५ ला पहाटे झुरिकच्या बाउर ओ लाक हॉटेलात स्विस पोलिसांनी सात अधिकाऱ्यांना पकडलं. हॉटेलचे नोकर पांढऱ्या चादरी आडव्या धरून एकेकाला गाडीत बसवत होते. ते फोटो त्या दिवशी जगभर फिरले. अमेरिकेने १४ जणांवर आरोप ठेवले होते: २४ वर्षांत १५ कोटी डॉलरहून अधिक लाच आणि दलाली. यातली एक गोष्ट मला कधी विसरता येत नाही. अटक झालेल्यांत जेफ्री वेब होते. वॉर्नर यांच्यानंतर त्या विभागाची साफसफाई करायला म्हणून त्यांना आणलं होतं. त्यांच्या जागी आलेले आल्फ्रेडो हाविट यांनाही त्याच वर्षी ३ डिसेंबरला त्याच हॉटेलात अटक झाली. माणूस बदलला, खुर्चीभोवतीची व्यवस्था तशीच राहिली, की असं होतं.

अटकेनंतर दोनच दिवसांनी ब्लाटर पुन्हा निवडून आले आणि आणखी चार दिवसांनी त्यांनी पद सोडायची घोषणा केली. युरोपीय फुटबॉलचे तेव्हाचे प्रमुख मिशेल प्लॅटिनी यांना दिलेल्या २० लाख फ्रँकवरून दोघांवर बंदी आली. फौजदारी खटल्यात मात्र स्विस न्यायालयांनी दोघांना २०२२ मध्ये आणि अपिलात २०२५ मध्ये निर्दोष सोडलं.

२६ फेब्रुवारी २०१६ ला जियानी इन्फान्टिनो अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी सुधारणांचा ठरावही मंजूर झाला. कार्यकारिणीच्या जागी ३७ जणांची परिषद, अध्यक्षाला जास्तीत जास्त १२ वर्षं, प्रत्येक खंडातून किमान एक स्त्री सदस्य, पदाधिकाऱ्यांची पूर्वचौकशी, पगार जाहीर करणं. यजमान देश निवडायचा हक्क तर त्याआधीच कार्यकारिणीकडून काढून सर्व सदस्यांकडे गेला होता. कागदावर चांगलंच आहे, काही प्रमाणात प्रत्यक्षातही. पण मे २०१७ मध्ये, पदाधिकाऱ्यांच्या गैरव्यवहारांची चौकशी करणाऱ्या नीतिमत्ता समितीच्या दोन्ही प्रमुखांना मुदतवाढ नाकारली गेली. इन्फान्टिनो यांची पहिली तीन वर्षं १२ वर्षांत मोजायची नाहीत, असं २०२२ मध्ये ठरलं. २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियाला मिळाला तो टाळ्या वाजवून, कारण दुसरा दावेदारच नव्हता. विकासनिधी तर वाढतच गेला: २०२३ ते २०२६ या चार वर्षांत एका संघटनेला ८० लाख डॉलरपर्यंत. मत आणि मदत यांची गाठ सुटलेली नाही.

आता आपल्याकडे. प्रियरंजन दासमुंशी १९८८ पासून २० वर्षं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष, त्यांच्यानंतर प्रफुल्ल पटेल. पटेल यांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, पण महासंघाच्या घटनेचा वाद न्यायालयात असल्याचं कारण देत निवडणूक झाली नाही. १८ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने कार्यकारिणी हटवून तिघांची प्रशासक समिती नेमली. समितीला राज्य संघटनांच्या बरोबरीने ३६ नामवंत खेळाडूंना मताचा हक्क द्यायचा होता. फिफाला ते मान्य नव्हतं. तिने 'तिसऱ्या पक्षाचा हस्तक्षेप' म्हणून बंदी घातली. समिती बरखास्त झाल्यावर २६ ऑगस्टला बंदी उठली, विश्वचषक वाचला आणि २ सप्टेंबरच्या निवडणुकीत फक्त राज्य संघटनांनी मतदान केलं. भारताचा माजी कर्णधार भायचुंग भुतिया याला एक मत पडलं. माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांना ३३. उपाध्यक्षपदी कर्नाटक संघटनेचे अध्यक्ष एन. ए. हॅरिस निवडून आले.

सरकारने खेळात ढवळाढवळ करू नये हा फिफाचा नियम मला पटतो. पण मुदत संपूनही खुर्चीत बसलेल्यांना त्याच नियमाची ढाल मिळते आणि किंमत ताश्कंदला गेलेल्या मुली मोजतात, हे पटत नाही.

सीमाभागात ही किंमत आणखी वेगळी जाणवते. बेळगावला फुटबॉल आला तो कॅम्पातल्या पलटणींबरोबर आणि मिशनरी शाळांतून. उत्तरेला कोल्हापूर, जिथे पेठापेठांच्या तालमी फुटबॉलवर जीव टाकतात. चोर्ला घाट उतरला की गोवा. आमची पोरं सामने बघायला आणि खेळायला या दोन्हीकडे जातात. खेळ एक, बोली जवळजवळ एक, मैदानावरच्या आरोळ्याही त्याच. पण कोल्हापूरचा खेळाडू मुंबईच्या संघटनेखाली, गोव्याचा गोव्याच्या, आणि आमचा बंगळूरच्या, पाचशे किलोमीटरवरच्या. नोंदणीचं काम अडलं की कुणाला विचारायचं, हे मलाही दर वेळी नव्याने शोधावं लागतं. माझ्या एका खेळाडूचं हस्तांतरणाचं पत्र दोन कार्यालयांच्या मध्ये अडकून त्याचा अख्खा हंगाम गेला. तक्रार कुणापुढे करणार? जे पत्र देतात, त्यांचंच वर मत असतं.

१९ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने महासंघाची नवी घटना काही बदलांसह मंजूर केली. तोवर फिफाने पुन्हा बंदीचा इशारा दिला होता. १२ ऑक्टोबरला महासंघाने ती स्वीकारली. माजी खेळाडू, पंच, प्रशिक्षक आणि क्लब यांच्या प्रतिनिधींना तिच्यात जागा आहे. राज्यात आणि दिल्लीत एकाच माणसाने पद धरू नये, या कलमावरून मात्र शेवटपर्यंत ओढाताण चालली.

लेले मैदानावरची ती मुलगी आता स्वतः लहान मुलींना शिकवते. त्या दिवशी तिने विचारलं होतं खेळायचं की नाही. परवा तिचा प्रश्न वेगळा होता: "सर, ह्या प्रशिक्षकांच्या मतात आमच्यासारख्यांचं नाव कुठं लिवायचं?" जिल्ह्याच्या कार्यालयात विचारून येतो म्हटलंय तिला.