विद्यार्थी रोबोटिक्स स्पर्धांमधील खिलाडूवृत्ती

शाळा-महाविद्यालयांच्या रोबोटिक्स स्पर्धांत प्रतिस्पर्धी संघ, पंच, मार्गदर्शक व स्वयंसेवक यांच्याशी वागण्याचे आणि त्यांच्यावर टीका करण्याचे लिखित-अलिखित संकेत. मैदानी खेळांत खिलाडूवृत्ती बरीचशी खेळाडूच्या स्वभावावर सोडलेली असते. रोबोटिक्समध्ये ती सामन्यांची रचना, गुणपद्धती आणि पारितोषिके यांत मुद्दाम गुंफलेली दिसते.

या संकेतांना ठळक रूप आले ते ‘फर्स्ट’ या अमेरिकी संस्थेमुळे. संशोधक डीन केमेन यांनी ती 1989 मध्ये स्थापन केली. तिची पहिली स्पर्धा 1992 मध्ये न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथे एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. 28 संघ उतरले होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स (निधन 2019) या उपक्रमात सुरुवातीपासून होते. यंत्ररचनेच्या अभ्यासक्रमातील त्यांची स्पर्धा आधीच गाजलेली होती. ‘ग्रेशस प्रोफेशनलिझम’ ही संकल्पना त्यांनीच रुजवली. जिंकण्यासाठी जिवाचे रान करावे, पण समोरच्याचा मान राखून आणि त्याची अडचण दिसली तर हात देऊन, असा तिचा आशय. मार्गदर्शकांसाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक 1996 पासून दिले जाते.

‘फर्स्ट’च्या मोठ्या गटात तीन रोबोंची एक युती दुसऱ्या तीन रोबोंच्या युतीशी खेळते. साखळी फेरीतले जोडीदार संगणक ठरवतो. त्यामुळे सकाळचा प्रतिस्पर्धी दुपारी साथीदार होऊन येतो. शेजारच्या पिटमधील (रोबो दुरुस्त करण्याच्या जागेतील) संघाला सुटा भाग उसना देणे किंवा त्याचा प्रोग्राम दुरुस्त करून देणे ही निव्वळ परोपकाराची बाब राहत नाही. त्याचा रोबो बंद पडला, तर पुढच्या सामन्यात तोटा आपलाही होऊ शकतो. सौजन्य टिकवण्यात या रचनेचा वाटा भाषणांपेक्षा मोठा आहे, असे म्हणायला हरकत नाही. ‘व्हेक्स आयक्यू’ या दुसऱ्या रोबोटिक्स स्पर्धेच्या सहकार्य सामन्यांत तर विरोधी बाजूच नसते, दोन संघ मिळून गुण मिळवतात आणि दोघांच्याही खात्यात तेवढेच जमा होतात. ‘रोबोकप ज्युनियर’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वेगवेगळ्या देशांच्या संघांचे मिळून ‘सुपरटीम’ बनवतात.

स्पर्धेतच सहकार्याला गुण देण्याचा, म्हणजे ‘कोऑपर्टिशन’चा, सर्वात धीट प्रयोग ‘फर्स्ट’च्या 2012 च्या खेळात झाला. मैदानाच्या मधोमध एक डुगडुगणारा पूल होता. परस्परविरोधी युतींच्या रोबोंनी एकत्र चढून तो समतोल केला, की दोन्ही युतींना विजयाइतकेच, 2 क्रमवारी गुण मिळत. मात्र वरच्या क्रमांकावरील संघाला मागे खेचायचे असेल, तर पुलावर न येणे हाही डावपेचच ठरतो. अशा संघाला अखिलाडू म्हणावे का, यावर मतभेद होतात. सौजन्याला गुण लावले की ते मोजता येते आणि रोखूनही धरता येते, ही या पद्धतीची कमजोर बाजू आहे.

टीकेचा पहिला धडा मिळतो तो निरीक्षणात, ज्याला संघ ‘स्काउटिंग’ म्हणतात. बाद फेरीपूर्वी आघाडीचे संघ आपले साथीदार निवडतात. त्यासाठी प्रत्येक रोबोच्या नोंदी ठेवाव्या लागतात. ‘रोबो भंगार आहे’ ही नोंद निरुपयोगी. ‘चारपैकी दोन वेळा पकड सुटली’ ही उपयोगी. आदरयुक्त टीका म्हणजे गुळमुळीत बोलणे नव्हे, तर माणसाऐवजी यंत्राबद्दल आणि तेही तपासता येईल असे बोलणे.

पंचांच्या निर्णयावर आक्षेप घेण्याची वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. ‘फर्स्ट’मध्ये मुख्य पंचांशी संघातील विद्यार्थ्यानेच, ठरलेल्या जागी उभे राहून बोलायचे, पालक किंवा मार्गदर्शकाला तिथे वाव नाही. चित्रफीत दाखवली तरी पंच ती पाहत नाहीत. हा नियम अनेकांना खटकतो आणि खटकण्यासारखा आहेही. पण बहुसंख्य पंच स्वयंसेवक असतात आणि दिवसभर सामन्यांमागून सामने उरकायचे असतात, हेही खरे.

सर्वात कडवट वाद रोबो कोणी बनवला यावरून होतो. ‘व्हेक्स’ची नियमावली काम विद्यार्थ्यांनीच करावे यावर भर देते, ‘फर्स्ट’मध्ये मुलांनी अनुभवी अभियंत्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करणे मान्य आहे. त्यामुळे देखणा रोबो दिसला की ‘मोठ्यांनी बनवलेला दिसतो’ असे कुजबुजले जाते. हा आरोप बहुधा पुराव्याशिवाय होतो आणि रात्री जागून काम केलेल्या मुलांना तो फार लागतो. बचावात्मक खेळाचेही तसेच. प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणे नियमात बसते; ठरलेल्या सेकंदांपेक्षा जास्त वेळ दाबून धरणे बसत नाही. नियमात राहून अडवणाऱ्याची हुर्यो उडवणाऱ्या प्रेक्षकाकडेच खिलाडूवृत्ती कमी पडते.

खिलाडूवृत्तीच्या नावाखाली टीकाच दडपली जाण्याचा धोकाही असतो. आयोजनातील त्रुटी दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला ‘हे आपल्या मूल्यांत बसत नाही’ असे सुनावणे सोपे असते. याच्या उलट उदाहरण 2012 चेच आहे. सेंट लुइस येथील अंतिम सामन्यांत काही रोबोंचा संपर्क वारंवार तुटला. ‘फर्स्ट’ने चौकशी करून सविस्तर अहवाल जाहीर केला. एका व्यक्तीने वायरलेस यंत्रणेत हस्तक्षेप केल्याचे त्यात नमूद होते. पण सगळे खापर तिच्यावर न फोडता, इतर तांत्रिक कारणेही मांडलेली होती.

लहान मुलांच्या ‘फर्स्ट लेगो लीग’मध्ये पंच सामन्याच्या टेबलाजवळच संघाच्या वागण्याची श्रेणी नोंदवतात. मोठ्या गटांत गैरवर्तनाला पिवळे आणि लाल कार्ड असते.