तादेउश कान्तोर: नेपथ्यकाराने मोडलेलं नेपथ्य

तादेउश कान्तोर या पोलिश कलावंताच्या नावापुढे 'चित्रकार, नेपथ्यकार, दिग्दर्शक' अशी पदवी लावायची पद्धत आहे. त्यातला 'नेपथ्यकार' हा शब्द जरा जपून वाचावा. सरकारी नाटकमंडळ्यांसाठी त्याने नेपथ्य केलं, ते मुख्यतः पोटासाठी. स्वतःच्या नाटकांत मात्र मागे उभा केलेला देखावा ही गोष्टच त्याने मोडीत काढली.

जन्म ६ एप्रिल १९१५, आग्नेय पोलंडमधल्या विएलोपोले या छोट्या गावात. वडील शिक्षक. पहिल्या महायुद्धाला गेले, त्यातून वाचले, पण घरी परतलेच नाहीत; पुढे १९४२ मध्ये आउश्वित्झच्या नाझी छावणीत मारले गेले. लहानपण गेलं आईच्या नात्यातल्या एका पाद्र्याच्या घरी. १९३४ ते १९३९ या काळात क्राकूव शहरातल्या ललितकला अकादमीत शिक्षण झालं. तिथे नेपथ्य शिकवायला कारोल फ्रिच होते, म्हणजे रंगमंच सजवण्याची पारंपरिक तालीम त्याला पक्की मिळालेली होती. जे पुढे टाकलं, ते त्याला नीट येत होतं.

खरं वळण आलं जर्मन ताब्यातल्या क्राकूवमध्ये. पोलिश नाटकावर बंदी, पकडलं गेलं तर छावणी किंवा मृत्यू. तरीही त्याच्या गुप्त मंडळीने घरांच्या खोल्यांत प्रयोग केले: १९४३ मध्ये 'बलादिना' हे पोलिश नाटक, १९४४ मध्ये पोलिश नाटककार विस्प्यान्स्कीचं 'ओदिसेउसचं पुनरागमन'. ओदिसेउस म्हणजे ग्रीक पुराणकथेतला, युद्धावरून घरी परतणारा राजा. या दुसऱ्या प्रयोगात ग्रीक राजवाडा नव्हताच. पडझड झालेली खोली, चिखलाने माखलेलं गाडीचं चाक, कुजकी फळी, एक लाउडस्पीकर. प्रेक्षक त्याच खोलीत बसलेले, त्यामुळे 'हे रंगमंचावरचं, हे बाहेरचं' अशी रेघ मारायची सोयच उरली नाही. फेकून द्यायच्या लायकीची वस्तूच नाटकाचा भार उचलू शकते, हे सूत्र त्याला इथे सापडलं. पुढे त्याने त्याला 'सर्वांत खालच्या दर्जाचं वास्तव' म्हटलं. अशी वस्तू सुताराकडून नवी करून आणली आणि जुनी दिसावी म्हणून रंगवली, तर ती पुन्हा देखावाच होते. कान्तोरची नक्कल फसते ती बहुधा इथेच.

१९४९ नंतर कम्युनिस्ट राजवटीत समाजवादी वास्तववाद, म्हणजे सरकारी विचारसरणीला धरून केलेली कला, सक्तीचा झाला. अकादमीतली प्राध्यापकी गेली, प्रदर्शनं त्याने स्वतःच बंद केली आणि नेपथ्यावर घर चालवलं. १९५५ मध्ये चित्रकार मारिया यारेमा आणि इतरांसोबत त्याने 'क्रिको २' ही नाटकमंडळी स्थापन केली. 'क्रिको' ही युद्धापूर्वीची वेगळी कलाकार-मंडळी. तिच्या नावाला जोडलेला हा '२' गाळला की सगळा घोळ होतो. १९५६ ला सुरुवात झाली पोलिश नाटककार वित्कियेविचच्या 'माकूळ' या नाटकाने. १९६१ पासून क्राकूवच्या क्षिश्तोफोरी गॅलरीच्या तळघरात प्रयोग होऊ लागले. तिथल्या पहिल्या नाटकात पात्रं एका कपाटात कोंबलेली होती.

चित्रं याच वाटेने चालली होती. कॅनव्हासवर चक्क छत्र्या चिकटल्या, लिफाफे, पिशव्या, गाठोडी आली. या बांधाबांधीला त्याने 'आंबालाज' (वेष्टन) हे फ्रेंच नाव दिलं. १९६७ मध्ये १४ मीटर लांबीचं पत्र वॉर्साच्या रस्त्यांतून गणवेशातल्या पोस्टमननी फोक्साल गॅलरीत नेलं. तिथे जमलेल्यांनी ते फाडून टाकलं.

हे सगळे धागे १५ नोव्हेंबर १९७५ ला क्षिश्तोफोरीत 'मृत वर्ग' या नाटकात एकत्र आले. समुद्रकाठच्या गावातल्या ओस शाळेच्या खिडकीतून दिसलेले रिकामे बाक हे त्याचं बीज. लाकडी बाकांवर काळ्या कपड्यांतले म्हातारे, आणि त्यांच्या अंगाला जखडलेले त्यांच्याच बालपणाचे मेणासारखे पुतळे. हे ओझं वागवत चालायचं म्हणजे नटाची चाल आपोआप वाकडी होते. म्हातारपण वेगळं 'करायला' लागत नाही. एक यांत्रिक पाळणा होता, छोट्या शवपेटीसारखा. तो हलला की आतले लाकडी गोळे कोरडे ठकठक वाजत. मूल नाही, आवाज तेवढा. कान्तोर स्वतः बाकांजवळ उभा राहून हाताच्या इशाऱ्याने प्रयोग हाकायचा.

१९८० मध्ये फ्लोरेन्सला जन्मगावाच्या नावाचं 'विएलोपोले, विएलोपोले' हे नाटक झालं. ८ डिसेंबर १९९० ला 'आज माझा वाढदिवस' या नाटकाच्या तालमी चालू असतानाच तो गेला. जानेवारी १९९१ मध्ये मंडळीने तुलूझला ते सादर केलं, तेव्हा रंगमंचावर त्याची खुर्ची रिकामी होती.

त्याच्या वस्तू आज क्राकूवच्या क्रिकोतेका या संस्थेकडे आहेत. २०१४ पासून तिचा मुक्काम विस्तुला नदीकाठच्या जुन्या वीजकेंद्रात आहे. बघताना एक भान ठेवावं: काही वस्तू प्रयोगात झिजलेल्या आहेत, तर काही त्याने नंतर खास प्रदर्शनासाठी घडवल्या. म्हणून बाकासमोर उभं राहिलं की आधी पाटीवरचं साल बघावं.