कृष्णविवरात पडणं सोपं नाही

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, पाण्याची टाकी साफ करण्याची सूचना आणि कुणाची तरी हरवलेली छत्री यांच्या मधोमध एक निरोप येऊन पडला. एक ब्लॅक होल पृथ्वीकडे सरकतंय, त्यातले घातक किरण रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळात आपल्या जवळून जाणार, तेव्हा मोबाइल बंद करून अंगापासून लांब ठेवा. खाली नेहमीप्रमाणे नासाचं नाव. दुसऱ्या दिवशी दूध आणायला उतरलो तर तळमजल्यावरच्या काकूंनी गाठलंच.

"तू ते ताऱ्याबिऱ्यांचं लिहितोस ना रे? मग ते भोक खरंच आपल्याला ओढून घेणार का?"

"नाही हो काकू."

"का नाही? सगळं गिळतं म्हणून टीव्हीवर दाखवतात की."

हातात दुधाच्या पिशव्या, डोक्यात आठ बाराची लोकल. उत्तर राहून गेलं, ते आता सविस्तर देतो.

चेंडू वर फेकला की खाली येतो. सेकंदाला ११.२ किलोमीटर वेगाने फेकता आला, तर तो पृथ्वी सोडून कायमचा निघून जाईल. आता पृथ्वीचं सगळं वस्तुमान तसंच ठेवून तिला दाबत, आवळत गेलं, तर सुटायला लागणारा हा वेग वाढत जातो. ती सुपारीएवढी झाली की तो प्रकाशाच्या वेगाइतका होतो, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटर. प्रकाशाहून वेगवान काहीच नाही, त्यामुळे आतलं काही बाहेर येणार नाही. झालं कृष्णविवर. परत न येण्याच्या त्या सीमेला घटना क्षितिज म्हणतात. सूर्याचं कृष्णविवर करायचं तर त्याला ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोंबावं लागेल. त्याचा व्यास होईल साधारण चर्चगेट ते महालक्ष्मी.

काकूंच्या प्रश्नाची मेख इथेच आहे. समजा आज रात्री कुणी जादूने सूर्य असा आवळला. आठ मिनिटांनी अंधार होईल, थंडीने आपण मरू, ते वेगळं. पण पृथ्वी ओढली जाणार नाही. ती आज फिरते त्याच कक्षेत फिरत राहील, कारण ओढ ठरते ती वस्तुमान आणि अंतर यांवर, आणि दोन्ही तेवढीच आहेत. कृष्णविवराचा विचित्रपणा त्याच्या अगदी जवळ गेल्यावर जाणवतो. लांबून ते इतर कुठल्याही ताऱ्यासारखंच ओढतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. प्रकाशालाही न सोडणाऱ्या ताऱ्याची कल्पना जॉन मिचेल या इंग्रज धर्मगुरूने १७८३ मध्येच मांडली होती. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून तिला नेमकं गणित मिळालं ते कार्ल श्वार्झशील्डमुळे, १९१६ मध्ये. आणि जुलै १९३० च्या अखेरीस, ऐन पावसाळ्यात, एकोणीस वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला. त्या प्रवासात त्याने हिशेब मांडला की विझलेल्या ताऱ्याचा गाभा एका मर्यादेपेक्षा जड असेल, तर तो श्वेतबटू म्हणून, म्हणजे लहानसा, दाट, हळूहळू निवत जाणारा तारा म्हणून, तग धरू शकत नाही, कोसळतच जातो. ही मर्यादा आज सूर्याच्या सुमारे १.४ पट धरतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता माझा आवडता भाग. जे दिसतच नाही ते शोधायचं कसं?

मोरीत बादलीभर पाणी ओता. ते जाळीत सरळ जात नाही, गोल गोल फिरत जातं. कृष्णविवराकडे निघालेल्या वायूचंही तसंच होतं, फक्त तिथे हे फिरणं फार चिवट असतं. वायूला थोडीशीही आडवी गती असली, आणि ती असतेच, की आत येताना त्याचं फिरणं वेगवान होत जातं. गिरकी घेणारी नर्तकी हात जवळ घेते तेव्हा होतं तसं. शाळेत याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणायचे. त्यामुळे वायू आत न पडता कृष्णविवराभोवती पसरट तबकडी करून फिरत बसतो. आत पडायचं तर कोनीय संवेग कुणाच्या तरी गळ्यात मारावा लागतो, आणि घेणारा सहज सापडत नाही. गिळणं राहिलं बाजूला, कृष्णविवराला घास तोंडापर्यंत आणायचीच मारामार.

वाटेल की घर्षणाने होईल. तबकडीचा आतला भाग वेगात फिरतो, बाहेरचा सावकाश, दोन्ही एकमेकांना घासतील. पण हिशेब केला तर विरळ वायूचं साधं घर्षण इतकं क्षीण पडतं की तबकडी जवळजवळ जागची हलणार नाही. प्रत्यक्षात तर ती भराभर रिकामी होताना दिसते. हे कोडं बरीच वर्षं छळत होतं.

दादरहून सुटलेल्या दोन लोकल कल्पनेत आणा, शेजारच्या रुळांवर एक फास्ट आणि एक स्लो. फास्टच्या दारातल्या माणसाने आणि स्लोच्या दारातल्या माणसाने एका लांब रबराची दोन टोकं धरली आहेत. फास्ट पुढे जाते, रबर ताणलं जातं. ते फास्टला मागे खेचतं आणि स्लोला पुढे. इथवर सरळ आहे. आता कक्षेतली गंमत पाहा. कक्षेत फिरणाऱ्याला मागे खेचलं की तो आतल्या कक्षेत घसरतो, आणि आतल्या कक्षेत वेग जास्त असतो. म्हणजे ब्रेक लावला की गाडी जोरात पळते! तसंच पुढे खेचलेला बाहेर सरकतो आणि मंदावतो. दोघांमधलं अंतर आणखी वाढतं, रबर आणखी ताणतं, खेच आणखी वाढते, आणि हे चक्र आवरत नाही. आतल्याचा कोनीय संवेग बाहेरच्याकडे जातो, आतला पडत जातो. हा परिच्छेद पुन्हा वाचावा लागला तर वाईट वाटून घेऊ नका, मीही हे पहिल्या वाचनात समजलो नव्हतो.

तबकडीतलं हे रबर म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या रेषा. वायू इतका तापलेला असतो की त्याचे अणू विद्युतभारित होतात आणि त्या रेषांना चिकटून राहतात. सुरुवातीचं क्षेत्र अगदी दुबळं असलं तरी चालतं. स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली यांनी १९९१ मध्ये ही गोष्ट तबकड्यांना लावून दाखवली. पण हीच अस्थिरता, म्हणजे हे न आवरणारं चक्र, दोन नळकांड्यांमध्ये फिरणाऱ्या द्रवासाठी आधीच कागदावर उतरलेली होती, १९५९ मध्ये रशियात वेलिखोव यांच्याकडून आणि १९६० मध्ये चंद्रशेखर यांच्याकडून. कृष्णविवराचा रस्ता दाखवणाऱ्या माणसाने त्यात पडायची युक्तीही लिहून ठेवली होती, आणि तीस वर्षं ती कुणी तबकडीला लावून पाहिली नाही.

या ओढाताणीत वायू तापतो. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना एक किलोमागे सुमारे ७ ग्रॅम वस्तुमानाची ऊर्जा होते. न फिरणाऱ्या कृष्णविवरात एक किलो वायू तबकडीतून उतरताना सुमारे ५७ ग्रॅमची ऊर्जा बाहेर पडते, आणि कृष्णविवर जोरात गरगरत असेल तर याहून कितीतरी जास्त. ताऱ्याएवढ्या वजनाच्या कृष्णविवराजवळ तापमान कोटी अंशांच्या घरात जातं आणि तबकडी क्ष-किरणांनी उजळते. आपल्याला दिसतो तो हा उजेड, क्षितिजाबाहेरचा.

क्ष-किरण हवेत शोषले जातात, म्हणून यंत्र वर न्यावं लागतं. १९६४ मध्ये एका रॉकेटवरच्या उपकरणाला हंस तारकासमूहात असा एक स्रोत सापडला, सिग्नस एक्स-१. पुढे उहुरू या उपग्रहाला दिसलं की तो अतिशय झपाट्याने लुकलुकतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात चमक बदलत असेल तर चमकणारा भाग ३०० किलोमीटरपेक्षा मोठा असू शकत नाही, कारण तेवढ्या वेळात प्रकाश तेवढाच जातो. मग दिसलं की तिथला एक निळा महाराक्षसी तारा ५.६ दिवसांत कुणा अदृश्य जोडीदाराभोवती फेरी मारतो. त्या फेरीवरून जोडीदाराचं वजन काढता येतं, ते आजच्या मोजणीनुसार सूर्याच्या सुमारे २१ पट आहे. न्यूट्रॉन तारा, म्हणजे कोसळूनही कृष्णविवर न झालेला अतिदाट गोळा, एवढा जड असूच शकत नाही.

हा निळा तारा मी वांगणीला एका नोव्हेंबरच्या संध्याकाळी मित्राच्या दुर्बिणीतून पाहिला आहे. रांगेत अर्धा तास उभा राहिलो, डासांनी फोडून काढलं, आणि दिसला एक ठिपका, शेजारच्या दहा ठिपक्यांसारखाच. मागच्या मुलीने विचारलं, "एवढंच?" एवढंच. बाकी सगळं क्ष-किरणांत.

ते पाहण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरचं क्ष-किरण मोजणारं एक मोठं उपकरण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालं. त्यात झेनॉन वायू भरलेले तीन डबे आहेत. क्ष-किरण आत शिरला की झेनॉनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडतो, तारेपर्यंत जाताना आणखी इलेक्ट्रॉन उडवतो, आणि एक विजेचा ठोका मिळतो. प्रत्येक ठोक्याची वेळ सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत नोंदली जाते. तबकडीची थरथर वाचायला इतकी बारीक नोंद लागतेच.

इतर रीती आहेत. आपल्या दीर्घिकेच्या, म्हणजे आकाशगंगेच्या, मध्याशी एक तारा १६ वर्षांत फेरी मारतो, त्यावरून तिथलं कृष्णविवर ४० लाख सूर्यांहून जड ठरलं. १४ सप्टेंबर २०१५ ला दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने टिपल्या, तशी वेधशाळा आता हिंगोलीत औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे. कृष्णविवराच्या पहिल्या चित्रातलं २०१९ चं ते केशरी कडं तर सगळ्यांनीच पाहिलं.

राहू म्हणजेच कृष्णविवर, असंही एक ज्योतिषी वाहिनीवर सांगत होता. राहू हा चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला छेदतो तो बिंदू. तिथे वस्तूच नाही, मग वजन कुठलं? ग्रहणाचं गणित करणाऱ्या आपल्या जुन्या ज्योतिर्विदांना हे पक्कं ठाऊक होतं.

राहता राहिली काकूंची काळजी. आपल्याला माहीत असलेलं सर्वांत जवळचं कृष्णविवर आहे गाया बीएच-१, भुजंगधारी तारकासमूहात, सुमारे १५६० प्रकाशवर्षांवर. सूर्याच्या साडेनऊ पटींहून थोडं जास्त वजन. तबकडी नाही, उजेड नाही. २०२२ मध्ये ते सापडलं तेही जोडीदार ताऱ्याच्या डुलण्यावरून. हा जोडीदार आपल्या सूर्यासारखाच आहे, आणि त्याचं कृष्णविवरापासूनचं सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या जेमतेम १.४ पट. तो दर १८६ दिवसांनी त्याला एक प्रदक्षिणा घालतो.

काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि अजून गिळला नाही?"