पाच टक्के उघडी जागा

छताला आतून इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, केले, पण दिव्यांची भोके, बीमच्या कडा आणि पाइप वर जातात ती जागा तशीच राहिली. क्षेत्रफळ मोजले तर जेमतेम 5 टक्के. म्हणजे 95 टक्के काम झाले, असे कोणालाही वाटेल. उष्णतेचा हिशेब मात्र निराळा असतो. 10 सेंटीमीटरचा चांगला थर असेल, तर उघड्या स्लॅबमधून त्याच्या साधारण दहापट उष्णता जाते. पूर्ण झाकलेल्या छतातून 100 एकक उष्णता जात असेल, तर आता 95 अधिक 50, म्हणजे 145 एकक जाईल. सुटले 5 टक्के, गळती वाढली 45 टक्के. नवे घर बांधणाऱ्याने ठेकेदाराशी बोलण्याआधी हे गणित स्वतः करून पाहावे, असे मला मनापासून वाटते. एरवी सगळी चर्चा ‘माल कोणता’ याच प्रश्नाभोवती फिरते.

ग्लासवूल, रॉकवूल, थर्माकोल, फोम ही नावे वेगळी असली तरी युक्ती एकच: हवा किंवा दुसरा एखादा वायू बारीक कप्प्यांत कोंडून ठेवायचा. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे 0.025 असते (एकक: वॅट प्रति मीटर केल्विन). ग्लासवूलची 0.035 ते 0.04, विटेची 0.6 ते 0.8, काँक्रीटची दीड-दोनच्या घरात आणि पोलादाची 50 च्या आसपास. थराची जाडी मीटरमध्ये घेऊन तिला या आकड्याने भागले की त्याचा रोध, म्हणजे ‘आर’ मूल्य मिळते. 10 सेंटीमीटर ग्लासवूलचा रोध सुमारे 2.5 येतो, काँक्रीटकडून तेवढाच हवा असेल तर भिंत चार मीटर जाड लागेल!

जाडीचा फायदा मात्र उतरत्या क्रमाने मिळतो. पहिल्या 5 सेंटीमीटरने उष्णतेची ये-जा साधारण 80 टक्क्यांनी घटते, 10 ने सुमारे 89, 15 ने सुमारे 93. म्हणून एका जागी थरावर थर चढवण्यापेक्षा सगळीकडे सलग थर असणे जास्त मोलाचे.

हा सलगपणा कारागिराच्या हातात असतो. लाकडी किंवा धातूच्या सांगाड्यावर उभ्या केलेल्या पोकळ भिंतीत पोकळीच्या मधोमध वायर गेलेली असते. घाईत काम उरकणारा ग्लासवूलची अख्खी गादी वायरीवरून दाबून बसवतो. समोरून सगळे भरलेले दिसते, पण वायरीच्या मागे लांबट पोकळी राहते आणि पुढे गादी चेपते. जाणता कारागीर गादी जाडीत अर्धी चिरतो. एक पदर वायरीच्या मागे, एक पुढे. स्विचच्या डब्याभोवती तो तिला नेमक्या खाचा पाडतो. पाहणीला गेलात तर आधी या जागा बघा. चकचकीत फॉईल वापरली असेल, तर तिच्या एका बाजूला तरी मोकळी हवेची पोकळी हवी. दोन थरांत चेपलेली फॉईल उष्णता परावर्तित करू शकत नाही.

नव्या घराची खरी अडचण ओलावा आहे. काँक्रीट आणि गिलाव्यातले पाणी सुकायला महिने लागतात. त्याआधी दोन्ही बाजूंनी बाष्परोधक थर लावला तर ते आतच अडकते. पाण्याची वाहकता स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त, त्यामुळे ओले इन्सुलेशन निकामी होते. बुरशी धरते ती वेगळीच. शिवाय बाष्परोधक पडदा कोणत्या बाजूला लावायचा, हे हवामानावर ठरते. थंड प्रदेशात तो आतून असतो. पण बाहेर 35 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो, 26 अंशांच्या आसपास येतो. आत एसी 24 अंशांवर असताना आतल्या बाजूचा पडदा भिंतीच्या पोटात पाणी साचवेल. ठेकेदार हवामानाबद्दल काही न विचारता सरळ पडदा लावायला निघाला, तर त्याला तिथेच थांबवा.

कोटेशनमध्ये नुसते ‘इन्सुलेशन, अमुक क्षेत्रफळ’ चालवून घेऊ नका. माल, जाडी, घनता, वाहकता, आणि फटी बुजवायची जबाबदारी कोणाची, हे सगळे लेखी हवे. वायरिंग आणि प्लंबिंग आधी पुरे व्हायला हवे, नाहीतर मागून आलेला माणूस थर कापतो. सुटा माल यंत्राने फुंकून भरणार असतील, तर रिकाम्या पिशव्या मोजा. जास्त हवा मिसळली की जाडी पुरेशी दिसते आणि नंतर माल खाली बसतो. किती क्षेत्राला किती पिशव्या लागतात, याचा तक्ता पिशवीवरच छापलेला असतो. फवारायचा फोम असेल, तर पृष्ठभाग कोरडा आहे ना ते तपासा. फवारणी चालू असताना आणि उत्पादकाने सांगितलेला वेळ उलटेपर्यंत घरात कोणीही थांबू नये. त्या वाफा श्वसनमार्गाला घातक असतात. फोम जळतोही, म्हणून तो जिप्सम बोर्डसारख्या आवरणाखाली झाकावा.

बोर्ड बसण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा. हवाबंद थर तयार झाला असेल, तर दारात पंखा बसवून 50 पास्कल दाबफरकावर हवेच्या गळतीची चाचणी याच टप्प्यावर करून घ्यावी. तेव्हा सापडलेली फट लगेच बुजवता येते. थर्मल कॅमेऱ्याची तपासणी नंतरही जमते, फक्त आत-बाहेर निदान 10 अंशांचा फरक असेल अशी वेळ निवडा. शेवटचा हप्ता या तपासणीनंतरच द्यायचा, हे करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्या.