टेट्रा पॅक : चाकणचा कारखाना आणि रिकाम्या खोक्याचा प्रवास

टेट्रा पॅक म्हणजे दूध, ताक, ज्यूस, नारळपाणी असले पातळ पदार्थ फ्रिजशिवाय महिनोन्‌महिने टिकवणारा कागदी खोका, आणि तो बनवणाऱ्या मूळच्या स्वीडिश कंपनीचं नावही तेच. आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असला खोका असला तरी लोक त्याला टेट्रापॅकच म्हणतात, जसं फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतात तसं. खरं तर या धंद्यात आता दुसरेही आहेत, यूफ्लेक्सचा कारखाना गुजरातेत साणंदला आहे, एसआयजीने अहमदाबादला काढलाय, पण नाव पडलं ते पडलं. महाराष्ट्राचा संबंध असा की भारतातलं टेट्रा पॅकचं मोठं उत्पादन पुणे जिल्ह्यात चाकणला होतं.

सुरुवातीची गोष्ट थोडक्यात. रूबेन राउसिंग नावाचा स्वीडिश माणूस १९२० च्या सुमारास न्यूयॉर्कला शिकायला गेला होता, तिथे त्याने सेल्फ सर्व्हिसची दुकानं पाहिली, गिऱ्हाईक स्वतः फळीवरून माल उचलतंय, दुकानदार काटा घेऊन मोजून देत नाहीये. हे युरोपात आलं की सगळा माल आधीच पॅक केलेला लागणार हे त्याने ओळखलं आणि १९२९ मध्ये एरिक ऑकरलुंदबरोबर पॅकेजिंगची कंपनी काढली. पीठ, साखर पॅक करणं सोपं होतं, दुधाचं मात्र जमेना, तेव्हा दूध काचेच्या बाटलीत यायचं आणि बाटली जड, फुटणारी, परत नेऊन धुवावी लागणारी. १९४४ मध्ये कंपनीतल्याच एरिक वॉलेनबर्गला सुचलं की कागदाची नळी करायची आणि ती एकदा आडवी, एकदा उभी अशी चिमटत गेलं की चार त्रिकोणांचा, आपल्या समोशासारखा पुडा होतो आणि कागद जवळजवळ वाया जात नाही. या आकाराला इंग्रजीत टेट्राहेड्रॉन म्हणतात, त्यावरून टेट्रा. कंपनी १९५१ मध्ये स्वीडनच्या लुंद गावात सुरू झाली आणि १९५२ मध्ये तिथल्याच डेअरीत पहिलं मशीन बसलं, १०० मिलीच्या क्रीमच्या पुड्यांचं. आज आपण बघतो तो विटेसारखा खोका, टेट्रा ब्रिक, १९६३ चा आहे, कारण समोसे ट्रकमध्ये नीट रचता येत नाहीत, विटा येतात.

राउसिंगचं एक वाक्य कंपनी अजून सांगत असते, त्याचा अर्थ असा की पॅकिंगला जेवढा खर्च येतो त्यापेक्षा जास्त त्याने वाचवलं पाहिजे. मला हे वाक्य पटतं. पण खर्च कशाकशाचा धरायचा हा प्रश्न आहे, नुसता कागदाचा आणि मशीनचा का रिकामा खोका उचलण्याचाही, आणि या नोंदीत पुढे जे आहे ते सगळं त्याच प्रश्नाभोवती फिरतं.

आता हा खोका नक्की काय आहे ते बघू, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो नुसता पुठ्ठा नाही. साधारण ७५ टक्के पुठ्ठा, २० टक्के पॉलिथिन म्हणजे आपल्या दुधाच्या पिशवीच्या जातीचं प्लास्टिक, आणि ५ टक्के ॲल्युमिनियम, असे सहा थर एकमेकांना चिकटवलेले असतात. बाहेरचं प्लास्टिक ओल अडवतं, पुठ्ठा ताठपणा देतो, ॲल्युमिनियमचा थर केसापेक्षाही कितीतरी पातळ, साडेसहा मायक्रॉनच्या आसपास, तो उजेड आणि ऑक्सिजन अडवतो, आणि आतल्या प्लास्टिकमुळे दूध ॲल्युमिनियमला लागत नाही. खोका बंद करतानाही हेच ॲल्युमिनियम कामाला येतं, इंडक्शनच्या शेगडीवर भांडं तापतं तसं ते मशीनच्या जबड्यात तापतं आणि शेजारचं प्लास्टिक वितळून चिकटतं. मजा अशी की नळीत दूध भरलेलं असतानाच दुधाच्या पातळीच्या खाली हा जोड मारतात, म्हणजे आत हवा राहायला जागाच नाही. ही कल्पना राउसिंगच्या बायकोने, एलिझाबेथने सुचवली असं सांगतात.

दूध टिकतं ते मात्र नुसत्या खोक्यामुळे नाही. दूध आधी १३५ ते १५० अंशांना काही सेकंद तापवतात आणि लगेच थंड करतात, याला यूएचटी म्हणतात, कागद वेगळा हायड्रोजन पेरॉक्साइडने निर्जंतुक करतात, आणि भरायचं काम बंद निर्जंतुक जागेत होतं. कसलंही प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागत नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण इतके दिवस टिकतं म्हणजे काहीतरी घातलं असणारच असं घरोघरी ऐकू येतं. ही पद्धत १९६१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आली आणि १९८९ मध्ये अमेरिकेतल्या अन्नतंत्रज्ञांच्या संस्थेने मागच्या पन्नास वर्षांतला सगळ्यात मोठा शोध म्हणून याच निर्जंतुक पॅकिंगला पहिला नंबर दिला. असं दूध खरं तर उकळायची गरज नसते, पण आपल्याकडे तेही उकळतात आणि मग साय का येत नाही म्हणून तक्रार करतात, साय येत नाही कारण दूध होमोजिनाइज केलेलं असतं, म्हणजे त्यातल्या स्निग्धाचे कण इतके बारीक फोडलेले असतात की ते वर येऊन जमत नाहीत.

भारतात लोकांना टेट्रा पॅक कळला तो फ्रूटीमुळे. १९८५ मध्ये पार्ले ॲग्रोने हिरव्या खोक्यात आंब्याचं पेय आणलं, वर स्ट्रॉ चिकटवलेला, शाळेच्या सहलीला, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या प्रवासात तो खोका सगळीकडे दिसायला लागला. कंपनी स्वतः १९८७ मध्ये भारतात आली. १९९७ मध्ये मावळात टाकव्याला कारखाना झाला आणि मागणी वाढत गेली तसा तो पुरेना, मग २०१० नंतर चाकणला सुमारे ११ कोटी युरो खर्चून नवा, खूप मोठा कारखाना उभा केला. सुरुवातीची क्षमता वर्षाला ८५० कोटी खोक्यांची आणि पुढे १६०० कोटींपर्यंत वाढवता येईल अशी आखणी. चाकण म्हणजे एके काळी कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग, नंतर गाड्यांचे कारखाने, आणि त्यातच हा. इथला माल भारतात तर जातोच, शिवाय दक्षिण आशिया, आग्नेय आशिया, आखाती देश इकडेही जातो.

एक गैरसमज आहे तो इथेच काढून टाकू, चाकणला दूध भरत नाहीत. तिथे पुठ्ठ्याचे रोल येतात, त्यावर छपाई होते, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चढतात, आणि तयार माल रोलच्या रूपातच डेअरीकडे नाहीतर ज्यूसवाल्याकडे जातो. त्याची नळी होणं, भरणं, कापणं हे सगळं तिकडे, आणि ते मशीनही बहुतेक वेळा टेट्रा पॅकचंच. मशीनही यांचं, कागदही यांचा, या धंद्याच्या पद्धतीवर बोट ठेवलं गेलंय, युरोपियन कमिशनने १९९१ मध्ये ७.५ कोटी एकूचा दंड केला (एकू म्हणजे युरोच्या आधीचं हिशोबाचं चलन) आणि चीनने २०१६ मध्ये ६६ कोटी युआनच्या वर.

विस्ताराचं कारण समजायला सोपं आहे. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध फ्रिजमध्येही दोन दिवस, म्हणजे डेअरीपासून दुकानापर्यंत थंडीची साखळी हवी, वीज हवी, रोज पहाटे टेम्पो हवा. खोक्यातल्या दुधाला यातलं काही लागत नाही, त्यामुळे लडाख, ईशान्य भारत, दूरची बेटं, जिथे गायी-म्हशी कमी आणि रस्ते अवघड, तिथे ते पोचतं आणि दूध नासून फेकावं लागत नाही. हा फायदा पर्यावरणाचाही आहे आणि तो खराच आहे. जगभर कंपनी वर्षाला १७,००० कोटींच्या वर खोके विकते.

आणि इथेच घोडं पेंड खातं. ज्या चिकटलेल्या थरांमुळे दूध टिकतं त्याच चिकटलेल्या थरांमुळे खोका मोडीत काढणं अवघड होतं. कागद म्हणून रद्दीवाल्याकडे न्या, तो घेणार नाही, प्लास्टिक म्हणून भंगारवाल्याकडे न्या, तोही घेणार नाही. आमच्या इथला रद्दीवाला खोक्यांची पिशवी उघडून बघतो आणि परत देतो, आणि त्याचं काही चुकत नाही, त्याच्याकडून पुढे घेणाराच कोणी नसेल तर तो काय करणार. पेट प्लास्टिकची, म्हणजे पाण्याची नाहीतर कोल्ड्रिंकची बाटलीही वजनाला हलकीच असते, पण तिला गल्लोगल्ली गिऱ्हाईक आहे, म्हणून कचरावेचक बाई ती वाकून उचलते. एक लिटरचा खोका साधारण ३० ग्रॅमचा, म्हणजे किलो व्हायला तीसेक खोके गोळा करायचे, त्यात उरलेलं दूध आंबून वास मारत असतं, आणि भाव नीट मिळणार नसेल तर ती का उचलेल. रिसायकल होऊ शकतो आणि रिसायकल होतो या दोन गोष्टींमधलं सगळं अंतर या एका भावात आहे.

तंत्र म्हणाल तर ते आहे आणि अवघडही नाही. खोके मोठ्या मिक्सरसारख्या टाकीत पाण्याबरोबर घुसळतात, याला हायड्रापल्पर म्हणतात. वीस-तीस मिनिटांत पुठ्ठ्याचा लगदा सुटतो, रसायन लागत नाही, आणि हा लगदा चांगला लांब धाग्याचा असतो, त्याचा कागद, पुठ्ठा, वह्या, पिशव्या होतात. मागे राहतं ते प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचं एकत्र चिकटलेलं चिंधुक, त्याला धंद्यात पॉलीॲल म्हणतात. ते सुटं करण्यापेक्षा तसंच तापवून दाबतात आणि त्याचे तक्ते करतात, छपराचे पत्रे, बाकं, टेबलं, बागेतली आसनं. महाराष्ट्रात पालघर भागात हे काम चालतं. पण साध्या कागद गिरणीला हे खोके नको असतात, कारण लगद्याबरोबर एवढं प्लास्टिक आलं की त्याची सोय करणारी वेगळी व्यवस्था लागते, आणि ती व्यवस्था परवडायला रोज टनाने खोके यायला हवेत.

म्हणून कंपनीची भारतातली धडपड मशीनपेक्षा गोळा करण्याभोवती जास्त आहे. मुंबईत आरयूआर या संस्थेबरोबर सहकारी भांडार आणि रिलायन्सच्या दुकानांत खोके टाकायची पेटी ठेवली, लोक सामान आणायला जाताना रिकामे खोके घेऊन जातात. पुढे ‘कार्टन्स ले आओ, क्लासरूम बनाओ’ अशी मोहीम झाली, गोळा झालेल्या खोक्यांची बाकं करून कमी सोयीच्या शाळांना द्यायची. मला यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते ती ही की आपला खोका कुठे गेला हे दिसतं, नाहीतर कचरा वेगळा करा म्हणून सांगतात आणि डोळ्यांदेखत गाडीत सगळं एकत्र पडतं. तरी पेट्यांनी किती होणार, बऱ्याच खोक्यांचं खरं काम कचरावेचकच करतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, तिच्यातूनच पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था झाली, दारोदार कचरा घेणाऱ्या या बायकांना कुठल्या मालाला काय भाव हे कोणत्याही अहवालापेक्षा जास्त माहीत असतं. खोक्याला त्यांच्या हातात पडणारा भाव वाढला तर बाकीचं आपोआप हलेल असं माझं स्पष्ट मत आहे.

सरकारी नियमांचाही रेटा आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत कागद, प्लास्टिक, ॲल्युमिनियम असे थर एकत्र असलेलं पॅकिंग बहुस्तरीय म्हणून धरलंय आणि ते बाजारात आणणाऱ्यांवर परत गोळा करायची जबाबदारी टाकलीय, २०२२ मध्ये त्याचे हिशोब आणि टार्गेट ठरले. त्याच वर्षी १ जुलैपासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली आणि त्यात स्ट्रॉ सापडला. दहा रुपयांच्या ज्यूसला चिकटवलेला तो इवलासा स्ट्रॉ, पण अमूलसकट सगळे मुदत मागत होते कारण एवढे कागदी स्ट्रॉ देशात बनतच नव्हते. मुदत मिळाली नाही, सुरुवातीला बाहेरून आणावे लागले. कागदी स्ट्रॉ पिता पिता मऊ पडतो ही तक्रार खरी आहे, पण रस्त्याकडेच्या गटारात प्लास्टिकचे स्ट्रॉ ज्याने पाहिलेत तो ती सहन करेल.

खोक्यातच बदल करायचे प्रयत्नही चाललेत. पुठ्ठा जंगलाची काळजी घेऊन काढलेल्या लाकडाचा असावा म्हणून एफएससीचं प्रमाणपत्र घेतात, खोक्यावर झाडाच्या टिकमार्कची ती छोटी खूण असते ती त्याचीच. ब्राझीलमध्ये उसापासून केलेलं पॉलिथिन वापरून पूर्ण वनस्पतीजन्य खोका २०१४ च्या सुमारास आला, मात्र तो फ्रिजमधल्या दुधासाठी. उसाचं प्लास्टिक म्हटल्यावर आपल्याला वाटतं ते मातीत विरघळेल, तसं नाही, ते साध्या पॉलिथिनसारखंच असतं, फक्त खनिज तेलाऐवजी उसातून आलेलं. यापेक्षा महत्त्वाचा बदल म्हणजे ॲल्युमिनियम काढून त्याजागी कागदाचाच अडसर घालणं, २०२३ मध्ये पोर्तुगालच्या लाक्टोगाल डेअरीबरोबर असा खोका बाजारात आला, ९० टक्के माल पुन्हा उगवणाऱ्या स्रोतातला आणि कार्बनचा भार एक तृतीयांशाने कमी, असं कंपनी सांगते. पॉलीॲलमधलं ॲल् गेलं की गिरणीचं काम सोपं होईल, म्हणून मला हा बदल नेट झिरोच्या, म्हणजे कार्बनचा एकूण हिशोब शून्यावर आणण्याच्या घोषणेपेक्षा मोठा वाटतो. घोषणाही आहेच, स्वतःच्या कारखान्यांसाठी २०३० आणि कच्च्या मालापासून शेवटपर्यंतच्या सगळ्या साखळीसाठी २०५०. भारतात २०२५ मध्ये प्लास्टिकच्या थरांत ५ टक्के प्रमाणित रिसायकल केलेलं प्लास्टिक असलेले खोके आले.

घरी करायचं ते इतकंच. खोका संपला की पाण्याने खळबळून घ्यायचा, चारही कोपऱ्यांचे चिकटवलेले कान उचकटायचे, मग तो दाबला की हाताच्या पंजाएवढा चपटा होतो आणि वास येत नाही. कात्रीने फाडू नका, अख्खा चपटा खोका वेगळा ओळखू येतो. पेटी जवळ असेल तर तिथे, नाहीतर सुक्या कचऱ्यात पण वेगळ्या पिशवीत, म्हणजे घेणाऱ्या बाईला निवडत बसावं लागत नाही. आणि कधी अशा तक्त्याच्या बाकावर बसायची वेळ आली तर जवळून बघा, चंदेरी ठिपके दिसतात, मधेच एखादा हिरवा, एखादा निळा छपाईचा तुकडाही असतो.