डीपीच्या सुरात भणाणणारी जेट स्की

आमच्या गावचा मिस्त्री ऑइल इंजिनं, मोटारपंप आणि धानाची मळणीयंत्रं दुरुस्त करतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या अंगणात, थ्रेशरच्या बाजूला, ट्रेलरवर एक जुनाट जेट स्की येऊन उभी राहिली. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर फिरवायला कुणीतरी ती किनारपट्टीवरून सेकंडहँड आणली होती. तक्रार एकच, लय हादरते. त्याआधी एका गॅरेजात इंजिन खोलून झालं होतं. पिस्टन, रिंगा सगळं नवीन, बिलही भरलेलं. हादरे तसेच.

मिस्त्रीने पान्याला हात लावला नाही. मालकाला विचारलं, “कवा हालते? उभी असताना, का पयताना?”

प्रश्न साधा वाटतो, पण कंपनाचं सगळं शास्त्र त्या ‘कवा’मध्ये आहे. कंपन किती जोरात आहे यापेक्षा ते सेकंदाला किती वेळा येतं आणि वेगाबरोबर कसं बदलतं, यावरून दोष लवकर सापडतो.

जेट स्की म्हणजे मोटारपंपाचीच बहीण. पंप जागेवर राहून पाणी ढकलतो. ही पोटाखालच्या जाळीतून पाणी ओढून मागे फेकते आणि स्वतः पुढे पळते. इंजिनाचा दांडा थेट पंपातल्या पंख्याला जोडलेला, मध्ये गिअरबॉक्स नाही. म्हणजे इंजिन आणि पंखा एकाच वेगाने फिरतात आणि दोघांचे हादरे एकमेकांत मिसळतात. वेगळे करायचे तर मोजायला हवेत.

ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक होती. मिनिटाला 6000 फेरे म्हणजे सेकंदाला 100. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दर फेऱ्याला पेटतो, म्हणून सेकंदाला 200 ठोके. एक सिलिंडर मेला की उरतात 100. आवाज बरोब्बर एक सप्तक खाली येतो. गावातल्या डीपीजवळ उभं राहून जो हूंऽऽ ऐकू येतो ना, तोही 100 चाच असतो, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा एका आवर्तनात दोनदा ताणला जातो. भजनात पेटी धरणाऱ्या माणसाला एवढं ओळखायला यंत्र लागत नाही. मी मात्र मोबाइलवर फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप लावलं. कंप मोजायचा सेन्सर बऱ्याच फोनांत सेकंदाला शे-दोनशेच नोंदी घेतो, आणि जेवढ्या नोंदी त्याच्या निम्म्यापर्यंतचंच कंपन नीट कळतं. म्हणून माइकवरून आवाजाचं पृथक्करण केलेलं बरं.

आता घोळ असा, की पंख्याचं एक पातं तुटलं तरी धक्का दर फेऱ्याला एकदाच, म्हणजे पुन्हा 100 च. मग सिलिंडर की पातं? इथे वेग कामाला येतो. मेलेला सिलिंडर मंद चालीत जास्त छळतो. इंजिन अडखळतं, बंद पडायला बघतं. पंख्याचा तोल गेला असेल तर मंद चालीत सगळं गोड, आणि हादरा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर हादरा चौपट. पंख्यावर मध्यापासून 6 सेंटिमीटरवर 5 ग्रॅमचा तुकडा कमी आहे असं धरा. 3000 फेऱ्यांना तो दांड्याला साधारण 3 किलो वजनाइतका हिसका देतो. 6000 ला 12 किलो. पाच ग्रॅम म्हणजे दोन रुपयांच्या नाण्याच्या आसपास!

“इंजिन नाही हालून राह्यलं गुरुजी,” मिस्त्री म्हणाला, “मांगचं काहीतरी हालवून राह्यलं त्याले.”

तरी त्याने दोन्ही प्लग काढले. दोन्ही सारखेच कॉफीच्या रंगाचे. काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाबही, दोन्हीकडे जवळजवळ सारखं. म्हणजे दोन्ही सिलिंडर धड. (हे करण्याआधी सीट उघडून पंधरा मिनिटं वारा लागू दिला होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते, आणि एका ठिणगीत काम तमाम होतं.) मग त्याने पंप आणि दांडा काढून बाजूला ठेवला, थंडाव्याला पाण्याची नळी जोडली आणि नुसतं इंजिन चालवलं. इथे क्रम चुकवायचा नाही. आधी इंजिन, मग नळ. थांबवताना आधी नळ, मग इंजिन. नाहीतर पाणी सायलेन्सरच्या वाटेने सिलिंडरात शिरतं. 3000 फेऱ्यांना सीटवर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी जेमतेम थरथरलं. पंप परत जोडल्यावर त्याच चालीला पेला सरकत सरकत कडेला आला.

पंपाच्या तोंडातून मग ढिवरांच्या जाळ्याचा नायलॉनचा गुंता निघाला, दांड्याला करकचून आवळलेला. त्यामागे तीनपैकी एका पात्याचं टोक उडालेलं, आणि भोवतालच्या कड्यावर वाळूने पाडलेल्या रेघा. पातं आणि कडं यांत फट असावी अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. फट मोजायच्या मिस्त्रीच्या फिलर गेजची जाड पत्तीसुद्धा सहज आत गेली. अशा फटीतून पाणी मागे गळतं, आणि वाट तुंबलेली असेल तर पात्यापाठी दाब इतका पडतो की थंड पाणीच उकळतं. हे बुडबुडे फुटताना डब्यात गिट्टी हलवल्यासारखा आवाज येतो. फेरे वाढतात, जेट स्की मात्र पळत नाही. मालक म्हणाला, होय, असंच होतं.

एक गोष्ट मात्र मलाही आधी सुचली नव्हती. इंजिन ज्या फाउंडेशन रबरांवर बसतं, ती नखाने दाबली तर दाबली जात नव्हती. रबर मऊ असलं की इंजिनाची नैसर्गिक झुलण्याची गती कमी असते, आणि चालीची कंपनं तिच्या सुमारे 1.4 पटीच्या वर गेली तरच रबर ती अडवतं. आमच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वर्षं काढलेलं रबर कडक होतं, ती गती वर चढते, आणि अडवणारं रबरच हादरे पोचवायला लागतं. म्हणजे दोष पंख्यात, पण मालकाच्या मांड्यांपर्यंत तो आणला रबराने.

पंखा, कडं आणि रबरं नागपूरहून मागवायला तीन आठवडे गेले. बसवल्यावर पाण्यात नेली तेव्हा मोबाइलवर 200 चं शिखर उंच होतं आणि 100 चं शोधावं लागलं. परत येताना मालकाने डिक्कीतली एक पिशवी मिस्त्रीला भंगारात दिली. पहिल्या गॅरेजात काढलेले जुने पिस्टन. मिस्त्रीने ते पुसले, उजेडात धरून फिरवून पाहिले आणि फळीवर ठेवून दिले. दोन्ही चांगले होते.