लायकेन घडवणारी बुरशी आणि लायकेनवर राहणारी बुरशी

दगडावर किंवा झाडाच्या सालीवर चिकटलेलं लायकेन, म्हणजे दगडफूल, बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनतं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६७ साली ही कल्पना मांडली आणि आज ती शाळेच्या पुस्तकातही असते. घोटाळा त्यापुढे होतो. याच लायकेनवर आणखी एखादी बुरशी मुक्काम ठोकून असते. मग ‘लायकेनची बुरशी’ म्हटलं की दोघींपैकी नेमकी कोणती, ते कळत नाही.

पहिली बुरशी लायकेनचं शरीर उभं करते. तिचे तंतू एकमेकांत विणले जाऊन वरचा थर, आतला पोकळसर थर आणि खालची पकड तयार होते. शैवाल आत सुरक्षित राहतं आणि प्रकाशसंश्लेषणातून साखर पुरवतं. काही लायकेनमध्ये हे काम नॉस्टॉकसारखे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू, करतात. नामकरणाचा नियमही या बुरशीला मान देतो: लायकेनला दिलेलं शास्त्रीय नाव प्रत्यक्षात तिचंच असतं. शैवालाचं नाव वेगळं.

दुसरी बुरशी आयत्या शरीरात शिरते. घर बांधत नाही आणि बहुतेक वेळा स्वतःचं शैवालही पाळत नाही. काही जाती यजमानाला, म्हणजे ज्या लायकेनवर त्या राहतात त्याला, मारून टाकतात. अथेलिया अरॅक्नॉइडिया ही कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि तिच्याखालचं लायकेन पांढरं पडून मरतं. पण सरसकट सगळ्यांना रोग म्हणणं मला चुकीचं वाटतं. कित्येक जाती एका कोपऱ्यात ठिपक्याएवढी जागा घेतात आणि यजमान जोमाने वाढत राहतो. काहींमुळे नुसती गाठ येते. उस्निया या दाढीसारख्या लोंबणाऱ्या लायकेनवर ट्रेमेला गटातल्या बुरशीमुळे गुलाबी-तपकिरी गाठी दिसतात.

ओळखताना सर्वाधिक फसवतात ते काळे ठिपके. फिसियासारख्या लायकेनवर बारीक काळे ठिपके असतात, पण ते लायकेनच्या स्वतःच्या बीजाणूपेट्याही असू शकतात. उलट झँथोरिया परायटिना या पिवळ्या-नारिंगी लायकेनच्या बीजाणू तयार करणाऱ्या वाटोळ्या चकत्या काळ्या पडल्या असतील, तर ते बहुधा झँथोरिइकोला फिसियी या बुरशीचं काम असतं. चकत्या यजमानाच्या, काळेपणा पाहुण्याचा. लेकॅनोरा या लायकेनच्या चकत्यांमध्येही दुसऱ्याच बुरशीच्या बीजाणूपेट्या रुतलेल्या सापडतात. भिंगाने अंदाज येतो. खात्री हवी तर पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहावे लागतात. म्हणून नोंद करताना यजमान लायकेनचं नाव लिहिणं अगदी आवश्यक आहे. बऱ्याच जाती एकाच यजमानावर किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांवरच राहतात, त्यामुळे यजमान कळला की शक्यता भराभर कमी होतात.

ही निवड काही अंशी रसायनांमुळे होते. लायकेन जी आम्लं बनवतं, ती अनेक बुरशींना रोखतात. लॅसॅलिया पॅप्युलोजा या लायकेनमध्ये लेकॅनोरिक आम्ल असतं. फ्युजेरियम गटातली एक बुरशी ते मोडून टाकते आणि मग एरवी आत येऊ न शकणाऱ्या दुसऱ्या बुरशींनाही वाट मोकळी होते.

आता वर्गीकरणाकडे येऊ, कारण मुख्य गैरसमज इथेच आहे. ‘लायकेनवर राहणाऱ्या’ हे एखाद्या घराण्याचं नाव वाटतं. खरं तर ती जगण्याची एक रीत आहे. २०१८ मध्ये डीडरिख, लॉरी आणि अर्ट्झ या संशोधकांनी केलेल्या यादीत फक्त लायकेनवरच राहणाऱ्या सुमारे २,००० जाती आहेत. त्यातल्या बहुसंख्य अ‍ॅस्कोमायकोटा या विभागातल्या आहेत, थोड्या बॅसिडिओमायकोटातल्या. पण त्या एका पूर्वजापासून आलेल्या नाहीत. ही रीत बुरशींच्या वंशवृक्षावर ठिकठिकाणी, पुन्हा पुन्हा उगवली आहे. आर्थोनिया गटात लायकेन घडवणाऱ्या जाती आहेत आणि दुसऱ्या लायकेनवर राहणाऱ्याही आहेत. नेसोलेकिया ऑक्सिस्पोरा तर पार्मेलिएसी या लायकेनच्याच मोठ्या कुळातली आहे, आणि तिचे यजमानही त्याच कुळातले. म्हणजे नात्यावरून दोघींना वेगळं काढता येत नाही. शरीर कोणी उभं केलं आणि शैवाल कोण सांभाळतं, हेच विचारावं लागतं.

तेवढंही नेहमी पुरत नाही. डिप्लोस्किस्टिस मस्कोरम हे लायकेन सुरुवातीला क्लॅडोनिया या दुसऱ्या लायकेनवर परजीवी म्हणून वाढतं आणि त्याचं शैवाल बळकावतं. पुढे ते शैवाल बदलून दुसरं घेतं आणि स्वतंत्र लायकेन म्हणून जगतं. एकाच आयुष्यात दोन्ही भूमिका! मला हे उदाहरण या सगळ्या विषयात सर्वात विलक्षण वाटतं.

लायकेनच्या आत बाहेरून काहीच लक्षण न दिसता राहणाऱ्या बुरशींचा आणखी एक गट आहे. वनस्पतींच्या पानांत गुपचूप राहणाऱ्या बुरशींशी त्यांचं बरंच साम्य आहे. वरच्या यादीत त्या धरलेल्या नाहीत.

२०१६ साली संशोधक टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी ब्रायोरिया गटातल्या दोन लायकेनचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक तपकिरी, दुसरं व्हल्पिनिक आम्लामुळे पिवळट. दोन्हींची घडवणारी बुरशी आणि शैवाल मात्र तेच. फरक दिसला तो तिसऱ्या घटकात. वरच्या थरात बॅसिडिओमायकोटातलं यीस्ट होतं आणि पिवळट लायकेनमध्ये ते जास्त होतं. पुढच्या जनुकीय तपासण्यांत ते सगळ्याच लायकेनमध्ये सापडलं नाही. हे यीस्ट ज्या सायफोबॅसिडियम गटातलं, त्याच गटातल्या जाती लायकेनवर गाठी आणतात, आणि त्यांची गणना लायकेनवर राहणाऱ्या बुरशींमध्ये होते.